पहाटे साडेपाचलाच कशाला?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरच्या एका वाचकानं लिहिलंय. वय ४४, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, घर उचगावच्या बाजूला. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट सकाळी ७ ते दुपारी ३, सेकंड ३ ते रात्री ११, थर्ड ११ ते सकाळी ७. शाळेत असताना ते तालमीत जायचे, नोकरी लागली आणि ते सुटलं. मध्यंतरी कंपनीतल्या तपासणीत साखर काठावर आणि रक्तदाब थोडा वर निघाला. शाळेच्या मित्रांचा एक ग्रुप रोज पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर पळतो. त्यांच्यासोबत यांनी वर्षभरात तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा दोन-तीन आठवड्यांत सगळं थांबलं. त्यात बुटांचा घोळ. आधी बाजारातून अकराशेची जोडी घेतली, नडगी दुखायला लागली. मग मित्राच्या सांगण्यावरून साडेनऊ हजारांची ऑनलाइन मागवली, त्यात अंगठ्याचं नख काळं पडलं. एका दुकानात ओल्या पावलाचा ठसा बघून "तुमचा पाय सपाट आहे, तुम्हाला साधा बूट चालायचा नाही" असं सांगितलं, तेव्हापासून पळणं बंदच आहे. पत्नी घरी शिवणकाम करतात. त्या म्हणतात, "पळायला वेळ आहे, घरात टेकायला नाही." वाचकाचे प्रश्न दोन: वेळ कुठून काढू, आणि बूट कुठला घेऊ?

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रात या दोन प्रश्नांच्या आधी एक वाक्य आहे. "पूर्वीची जिद्द आता माझ्यात राहिली नाही." हे तुम्ही विचारलेलं नाही, निकाल लागल्यासारखं सांगून टाकलंय. मला आधी त्याबद्दलच बोलायचंय, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय.

एकोणीस वर्षं तुम्ही या नोकरीत आहात. दर तिसऱ्या आठवड्याला रात्री अकराला भट्टीपुढं हजर. थंडीत, जुलैच्या पावसात, गणपतीत, घरात पाहुणे असताना. अशा माणसाकडं जिद्द नाही हे मला पटत नाही. आता एक साधा हिशोब मांडून बघा. फर्स्ट शिफ्टला तुम्हाला साडेसहाला घर सोडावं लागतं, म्हणजे साडेपाचला रंकाळ्यावर पळणारा माणूस सातला शिरोलीत गेटवर पोचूच शकत नाही. सेकंडला तुम्ही रात्री साडेअकराला घरी येता, जेवून पडेपर्यंत साडेबारा-एक होतो. पाचला उठायचं म्हणजे चार तास झोप. आणि थर्डच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला तुम्ही कामावरच असता. तीनपैकी एकाही आठवड्यात ती वेळ तुमच्या हातात नाही. तरी तुम्ही ती दोन-तीन आठवडे ओढून नेलीत, तीही तीनदा. मला तर यात जिद्द जरा जास्तच दिसते.

मग ही पहाट आली कुठून? तुम्हीच लिहिलंय, "व्यायाम म्हणजे पहाटे, हे वस्तादांनी अंगात भिनवलंय." हे मला नीट कळतं. माझं माहेर पेठेतलं. थोरला भाऊ तालमीत जायचा. चारला उठायचा, अंधारातच लाल मातीत जोर-बैठका, मग लढत. आठला घरी आला की आई बदाम वाटून दुधात घालून द्यायची. पण मला त्याची पहाट तितकी आठवत नाही, दुपार आठवते. तो जेवून झोपला की आम्हा बहिणींना माजघरात भांडं वाजवायची चोरी होती. दाराला आतून जुनं घोंगडं लावलेलं असायचं, उजेड येऊ नये म्हणून. वडील कुणाला हाक मारायची झाली तर अंगणात येऊन मारायचे. त्याची पहाट ही सगळ्या घरानं मिळून सांभाळलेली गोष्ट होती.

आणि हे फक्त आमच्या घरात नव्हतं. कोल्हापुरात कुस्ती वाढली ती शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला म्हणून. १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, पैलवानांच्या खुराकाची सोय झाली, तालमींना आधार मिळाला. पैलवानाला पोटासाठी रात्री अकराला कुठं जायचं नव्हतं. चारला उठायची शिस्त खरीच होती, पण तिच्या पाठीशी खुराक होता, दुपारची झोप होती, सांभाळणारं घर होतं. तुम्ही त्यातली एकटी पहाट उचलून आणलीत, आणि तिला धरून ठेवणारं बाकी सगळं मागं राहिलं. ती कोलमडणारच होती.

म्हणून माझं सांगणं असं, की व्यायामाची वेळ घड्याळाला बांधू नका, शिफ्टला बांधा. तुमच्यासारखे हजारो लोक शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या एमआयडीसीत फिरत्या शिफ्ट करतात, हवालदार आहेत, नर्स आहेत, एसटीचे चालक-वाहक आहेत. "रोज ठरलेल्या वेळी करा" हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही.

सेकंडचा आठवडा तुमचा सगळ्यात चांगला. पुरेशी झोप घेऊन आठला उठा, नऊच्या सुमाराला पळा, आंघोळ, जेवण, थोडी विश्रांती, तीनला ड्युटी. त्या आठवड्यात तीन दिवस आरामात जमतील. फर्स्टला घरी येऊन जेवून टेकलात की पुन्हा उठणं अवघड, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हा बुटांची पिशवी गाडीच्या डिकीत ठेवा. सुटल्यावर केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ खा, पाणी प्या आणि वाट थोडी वाकडी करून विद्यापीठाच्या आवारात जा. झाडांची सावली आहे, रस्ते बरे आहेत, संध्याकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते. भट्टीजवळ आठ तास घाम गाळून आलेल्या अंगाला लगेच पळवू नका, ऊन उतरेपर्यंत तिथंच कुठं तरी कठड्यावर बसा. एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच.

थर्डचा आठवडा नाजूक. सकाळी सातला सुटून "आता उजाडलंच आहे, पळून घेऊ" असं करू नका. रात्रभर जागलेल्या माणसाचं पाऊल चुकतं, आणि त्यानंतर गाडी चालवत हायवेनं घरी यायचंय. आधी झोप. अडीच-तीनला उठा, जेवा, पाच-साडेपाचला वाटलं तर पळा. त्या आठवड्यात एक दिवस जमला तर एक. नाहीच जमलं तर वीस मिनिटं चाला आणि पुढं चला. तुमची गाडी नेमकी या आठवड्यात घसरते, आणि मग "एकदा मोडलं की मोडलं" म्हणून पुढचे दोन चांगले आठवडेही जातात. पावसाळ्यात पंचगंगेला पूर येऊन रस्ता बंद झाला म्हणून कुणी नोकरी सोडत नाही. पाणी उतरलं की जातोच आपण.

किती व्यायाम पुरे, हेही मोजून बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यानुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे झपझप चालणं, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, म्हणजे पळणं, पुरेसा धरलाय. दोन्ही मिसळून केलं तरी चालतं. पंचवीस मिनिटं तीनदा केली की पंच्याहत्तर झाली. आधीच्या तत्त्वांत निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, तीही आता काढून टाकलीय. म्हणजे दुपारी कॅन्टीनला जाताना झपझप चाललात तर तेही जमेस धरायला हरकत नाही. सोबत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचं काम हवं असंही त्यात सांगितलंय, आणि ते तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. जोर आणि बैठका. पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा विसरा, दहा-दहापासून सुरू करा. सोबत जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करा, पंधरा वेळा. पोटऱ्या तयार झाल्या की तुमची नडगी तुम्हाला दुवा देईल.

कामावरचे लोक म्हणतील, "आठ तास उभाच असतोस की, वेगळा व्यायाम कशाला?" त्यांना वाईट वाटू देऊ नका, पण मनावरही घेऊ नका. काँक्रीटवर उभं राहून पाय थकतात, कंबर धरते. म्हणून छातीचा भाता चालला असं होत नाही.

आता रंकाळा. मलाही रंकाळा प्राण. संध्यामठाकडून उगवतीला तांबडं फुटताना बघितलंय आणि तुमचे मित्र तिथं का जमतात ते कळतं. पण उचगावहून अख्खं शहर पार करून तिथं जायचं, गाडी लावायची, मग पळायचं, नंतर कट्ट्यावर बसायचं, परत यायचं. यात पळणं अर्धा तास आणि बाकी दीड तास. "वेळ नाही" असं तुम्ही म्हणता तेव्हा तो बराचसा या जाण्या-येण्यात गेलेला असतो. मित्र सोडू नका. सुट्टीच्या दिवशी महिन्यातून दोनदा जा, दूध प्या, मिसळ खा, शाळेच्या गप्पा मारा. एरवी घराजवळचा रस्ता, शाळेचं मैदान, विद्यापीठ.

वहिनींच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. "पळायला वेळ आहे, घरात टेकायला नाही." तुम्हाला ते टोमणा वाटलं, असं पत्रावरून दिसतं. मला त्यात दमलेली बाई ऐकू आली. त्या पाचला उठून तुमचा आणि मुलांचा डबा करतात, मग मशीनवर बसतात, आणि तुमच्या थर्ड शिफ्टच्या आठवड्यात दिवसभर घर शांत ठेवायचं कामही बहुतेक त्यांच्याकडंच असतं. माझ्या आईचं होतं तसं. वेळ "काढायचा" असं आपण म्हणतो, पण घरात तो कुणाच्या तरी वाट्यातून निघतो. त्यामुळं विचारून घ्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच. महिन्याच्या सुरुवातीला दोघं मिळून त्यावर तुमच्या शिफ्ट लिहा, तुमचे पळायचे दिवस लिहा, आणि त्याच बैठकीत त्यांचेही तीन दिवस लिहा. तेवढा वेळ मुलांचं, गॅसवरच्या दुधाचं, दारात ब्लाउज न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचं तुम्ही बघायचं. त्या चालायला जातील, मैत्रिणीकडं जातील, नुसत्या पडून राहतील, तो त्यांचा प्रश्न. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईलाही पाय मोकळे करायची गरज तुमच्याइतकीच आहे, हे तुमच्या तोंडून आलं तर फरक पडेल. "तूपण चल की माझ्याबरोबर" एवढंच म्हणून सुटू नका, तुमची वेळ त्यांना सोयीची असेलच असं नाही.

आता बूट. इथं मला तुमच्या एका समजुतीला हात घालायचाय. तुम्ही धरून चाललाय की नडगी अकराशेच्या बुटामुळं दुखली, आणि योग्य बूट सापडला की सगळं सुरळीत होईल. पण त्याच पत्रात पुढं लिहिलंय की पहिल्याच आठवड्यात तुम्ही मित्रांच्या बरोबरीनं रोज रंकाळ्याची पूर्ण फेरी मारत होता. वीस-बावीस वर्षांच्या खंडानंतर! पळायला लागल्यावर दम लवकर सुधारतो, दोन-तीन आठवड्यांत छाती म्हणते "अजून जाऊया". हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. त्या अंतरात नडगी बोलायला लागते. बूट वाईट असेलही, पण मी दोष आधी त्या फेरीला देईन. तेव्हा सुरुवातीचे चार आठवडे एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं पंचवीस मिनिटं. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तालमीत गेलेल्या माणसाला हे पोरखेळ वाटेल. तरी करा. मग दोन-दोन, मग तीन-एक. दोन पळायच्या दिवसांमध्ये एक दिवस मोकळा.

सपाट पायाचंही भूत उतरवू. कुणाच्या पावलाला कमान जास्त, कुणाच्या कमी, हे माणसं उंच-बुटकी असतात तसंच. सपाट पायाचे कितीतरी लोक आयुष्यभर बिनदुखतं पळतात. अमेरिकेच्या लष्करात नव्या भरतीच्या जवानांवर हे तपासलं गेलंय. काहींना पावलाच्या आकारावरून निवडलेले बूट दिले, काहींना आकार न बघता सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षणात झालेल्या दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. त्यामुळं ओल्या ठशावरून कुणी बारा हजारांचा बूट पुढं केला तर नमस्कार करून बाहेर पडा. एकाच पायाची कमान अलीकडं बसत चाललीय, किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतंय, असं असेल तर मात्र दुकानात नको, हाडांच्या डॉक्टरांकडं जा.

मग बूट निवडायचा कशावर? पायात घातल्यावर पहिल्या मिनिटाला तो बरा वाटतो का, यावर. जाणकारही आता आरामाला बरंच वजन देतात. पण कोल्हापूरच्या माणसाची इथं एक खास अडचण होते, आणि ती माझीही झाली होती. आपण कोल्हापुरी चपलेवर वाढलेली माणसं. चप्पल लाईनीतून नवी जोडी आणली की ती चावणार, टाचेला फोड येणार, मग तेल लावून ठेवायची, आठ-पंधरा दिवस घरात घालायची, आणि हळूहळू ते चामडं आपल्या पायाचा घाट घेतं. मग ती अशी बसते की दुसऱ्याला होऊ नये. त्यामुळं दुकानदार "घालून घालून सैल होईल" म्हणाला की आपल्याला पटतं. मला पटलं होतं, आणि माझीही दोन नखं गेली. पळायच्या बुटाचं वरचं कापड जाळीदार असतं, तळ फोमचा. ते चामड्यासारखं पायाचं होत नाही. कापड किंचित ढिलं पडेल, पण पुढं अर्धा इंच जागा कुठून येणार? हा बूट दुकानातच बसला पाहिजे, पहिल्या दिवशी.

आणि तो घ्यायला सुट्टीच्या दिवशी सकाळी जाऊ नका. शिफ्ट करून जा. आठ तास उभं राहिलेला पाय सुजलेला असतो, पळतानाही तो तसाच फुगतो. त्या पायाला बसला तर बसला. सोबत पळताना घालायचे मोजे न्या. मोजे सुती नकोत, सुती घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. खेळाच्या दुकानात पातळ सिंथेटिक मिळतात ते घ्या. सेफ्टी शूजचा नंबर सांगू नका. तुम्ही ऑनलाइन ८ नंबर मागवलात तो त्याच अंदाजानं, असं पत्रात आहे. एका कंपनीचा ८ दुसऱ्या कंपनीच्या साडेसातएवढा भरतो, आणि सेफ्टी शूजची लोखंडी टोपी असलेला घाट तर वेगळाच. दोन्ही पाय घालून, नाड्या बांधून, उभे राहा. उभं राहिल्यावर पाय लांबतो. सगळ्यात लांब बोटापुढं, ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं, हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग बुटाच्या आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. करंगळी कडेवरून बाहेर लोंबत असेल तर तो बूट तुम्हाला अरुंद आहे, नंबर वाढवून उपयोग नाही, त्याच कंपनीचा रुंद घाट आहे का विचारा. शेवटी दुकानाबाहेर पंधरा-वीस पावलं पळून बघा. टाच आत वर-खाली सरकत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडी ओवून आवळा. त्या भोकाचा उपयोग तोच. तरीही सरकली तर दुसरा बूट. दुकानदार पळून बघू देत नसेल तर दुकानही दुसरं.

किंमत? तुमच्या पळण्याला माझ्या मते तीन ते पाच हजारांत चांगला बूट येतो. त्यापुढचे पैसे बहुधा वजन कमी करायला आणि वेग वाढवायला जातात, त्याची गरज तुम्हाला आत्ता नाही. फूटपाथवर मोठ्या कंपनीचं चिन्ह मारलेली नकली जोडी मात्र टाळा. बघून कळत नसेल तर हातात धरून वाकवा. चांगला बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकतो. मधेच पुठ्ठ्यासारखा दुमडत असेल किंवा तळ अंगठ्यानं दाबून दबतच नसेल तर खाली ठेवा. एखादा अगदी पातळ टाचेचा बूट आवडला तरी आत्ता नको, त्यात पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जास्त ताण येतो.

पळायचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो असं धरतात. तुम्ही आठवड्याला दहा किलोमीटर पळालात तर वर्षाला पाचशे, म्हणजे जोडी वर्षभर तरी सहज जाईल. वरून बूट नवा दिसत असला तरी आतला फोम बसलेला असू शकतो, तेव्हा घेतलेली तारीख आतल्या गादीवर पेननं लिहून ठेवा. टाचेची बाहेरची कड आधी झिजली तर घाबरू नका, बहुतेकांची तशीच झिजते. हा बूट कामावर किंवा मंडईला घालू नका. आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबर: भिजलेला बूट गॅसजवळ किंवा फ्रिजमागं ठेवला की त्याचे सांधे सुटतात. गादी काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला, पंख्याखाली ठेवा. सकाळपर्यंत सुकतो. साडेनऊ हजारांची ती जोडी फेकू नका. धाकट्याचा पाय तुमच्यापेक्षा लहान असेल तर त्याला होते का बघा.

सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा. रक्तदाब आणि साखर काठावर आहे, वय चव्वेचाळीस आहे, तेव्हा ही भेट टाळू नका, ते सांगतील त्या तपासण्या करून घ्या. पळताना छातीत दाबल्यासारखं झालं, हातात किंवा जबड्यात कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. नडगी पुन्हा दुखली तर बोट फिरवून बघा. लांबवर पसरलेलं दुखणं असेल तर आठवडाभर पळणं बंद, चालणं सुरू. पण एकाच टिंबावर बोट टेकवताच कळ येत असेल, बसल्या जागीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग डॉक्टर. आणि "पळून गुडघे झिजतात" म्हणणारे तुमच्याही कॅन्टीनमध्ये असतील. हौशीनं, बेतानं पळणाऱ्यांमध्ये बसून राहणाऱ्यांपेक्षा गुडघ्यांची झीज जास्त असते असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

तुमची सेकंड शिफ्ट पुढच्या सोमवारपासून आहे असं तुम्ही लिहिलंय. या आठवड्यात डॉक्टर आणि वहिनींशी बोलणं. बुटांची घाई नको, चालायला आहे तो जुना चालेल. सोमवारी सकाळी नऊला घराच्या दारातून निघायचं, बारा मिनिटं सरळ चालत जायचं, वळायचं आणि परत यायचं. घड्याळ बघून बरोबर बारा. मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर टाका, नसेल तर नका.

ते काळं नख ओढून काढू नका, खालून नवं येतंय तोवर जुनंच झाकण असतं. सुटायला लागलं तर कडेनं कातरा आणि पट्टी लावा. अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

तुमची,
ताई